पत्र्याच्या खोलीतला ससा

अंबाजोगाई
१६ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझा पत्ता शाहीनकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. तुझी मैत्रीण ती, आधी तिनं नाहीच म्हटलं होतं. मी तिच्या अब्बांच्या फळांच्या गाड्यापाशी उभीच राहिले, हललेच नाही, तेव्हा तिनं द्राक्षांच्या पिशवीवर लिहून दिला. तुझा फोन लागत नाही. आमच्या घरातले सगळे नंबर तू बंद करून टाकले असशील तर ठीकच आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मला एकच विचारायचंय, आणि ते आईबद्दल नाही, अण्णांबद्दलही नाही. सशाबद्दल आहे.

काल ड्युटीवरून आले तर अण्णा वत्सलाबाईंच्या ओट्यावर बसलेले. वत्सलाबाई म्हणजे माझी घरमालकीण. आई गेल्यावर मी होस्टेल सोडलं, तेव्हापासून त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहते. होस्टेलात मी आले की मुली हळू आवाजात बोलायला लागायच्या, ते नको झालं. तर अण्णा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, सरपंचकी जाऊन इतकी वर्षं झाली तरी बसायची ढब तीच, आणि मांडीवर कपाशीच्या बियाण्याचं खोकं. दारात जीप असताना नांदूरघाटहून एसटीनं आलेले. खोक्याला भोकं पाडलेली होती. मला वाटलं शेंगा असतील. उघडलं तर आत ससा.

"नेकनूरच्या बाजारात घेतला," म्हणाले. "सोबत होईल तुला."

"मला कशाला सोबत?"

"एकटी ऱ्हातीस."

"अण्णा, मी दिवसभर घरात नसते. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी लिहायचं असतं. जूनमध्ये परीक्षा आहे."

"त्याला काय लागतंय? मूठभर घास टाकायचा. गप बसतंय बिचारं."

वर खोलीत आले, चहा अर्धाच प्यायले. केजची गाडी हाय म्हणाले आणि उठले. जिना उतरताना एकदा थांबले. मला वाटलं काही बोलतील. चप्पल सरळ करून गेले.

ससा राखाडी-पांढरा आहे. एक कान पूर्ण काळा. दोन्ही ओंजळींत मावेल एवढा. खोक्यातून काढला तर कॉटखाली गेला आणि अजून तिथंच आहे. मी त्याच्यासमोर स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलंय.

तुला जनावरांचं कळतं, म्हणून तुला विचारते. ठेवू का हा? माझ्यासारखीनं ठेवावा का?

माझं बरं चाललंय. जेवते. झोप लागते.

आरोही


अंबाजोगाई
२ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी लिहिलंही नव्हतं. पण ससा अजून इथंच आहे, आणि ठरलेलंही काही नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

आता तो कॉटखालून बाहेर येतो. सकाळी मी उठायच्या आधीच खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाय आपटतो. गल्लीच्या टोकाला म्हशींचा गोठा आहे, तिथून मी घासाची पेंढी आणते. थोडी कोथिंबीर, मुळ्याचा पाला. त्याच्या लेंड्या झाडते, फडकं धुते, मग डबा न भरताच पळते. त्यानं माझा चार्जर कुरतडला. नंतर सर्जरीच्या पुस्तकाचा कोपरा. वत्सलाबाई म्हणतात, "अगं, लेकरू बरं यापरीस. लेकराला रागवता तरी येतं."

संध्याकाळी दार लावून मी त्याला मोकळा सोडते. माझ्या पायांभोवती गोल गोल पळतो. एकदा मधेच उंच उडाला, हवेतच अंग पिळलं आणि खाली आल्यावर जणू काही झालंच नाही असा बसला. तिथं माणसाला हसू यायला पाहिजे. मी पाहत राहिले.

लोक म्हणतात ससा कुशीत घेऊन बसलं की बरं वाटतं. मी घेऊन पाहिला. फार मऊ आहे, ताई, आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीपेक्षाही मऊ. मांडीवर अगदी निश्चल बसला. मी त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवून ठोके मोजायला गेले, सवयीनं, पेशंटचे मोजते तसे. इतके भरभर होते की मोजता येईनात. मग खाली सोडला. बरं किंवा वाईट काही वाटलं नाही. हे मी तुला सांगते आहे कारण तू इथं नाहीस.

शाहीन येऊन गेली. अब्बांनी पाठवलेली टरबुजाची साल घेऊन आली होती, सशासाठी.

"नाव काय ठेवलंस?"

"काही नाही."

"इतके दिवस झाले अन् नाव न्हाई?"

"ठेवायचा का नाही तेच ठरलेलं नाही."

ती कॉटवर बसली, खोलीभर नजर फिरवली. कालच्या डब्याचं झाकण मी उघडलंच नव्हतं, तेही तिनं पाहिलं. "खरं सांगू का? तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई हे. जनावर पाळायचं म्हंजे फुरसत लागती. तुला सोताला जेवायची फुरसत न्हाई. अन् हे मुकं. भूक लागली तरी हाका मारायचं न्हाई तुला."

"मग अण्णांना काय सांगू?"

"खरं सांग."

"आमच्या घरात खरं कोण कुणाला सांगतं, शाहीन?"

तिनं टरबुजाची साल सशापुढं सरकवली. मग तुझ्याबद्दल बोलली थोडं. वर्ध्याला तुझ्या शाळेत आता तुला वरचे वर्ग दिलेत म्हणाली. दाजींची बदली झाली नाही हे बरं झालं म्हणाली. तुझ्या घरचं मला शाहीनकडून कळतं हे विचित्र आहे, पण मी ऐकून घेतलं.

मी वाचलं की नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. माझा कोर्स दोन वर्षांनी संपेल. मग नोकरी कुठं लागेल, कोणत्या खोलीत राहीन, रात्रपाळी असेल का, काय माहीत. एवढ्या मोठ्या काळाचं वचन मी कशाला देऊ, आणि कुणाला देऊ?

माझी ड्युटी सध्या बायकांच्या मेडिकल वॉर्डात आहे. होय, आई होती त्याच. खिडकीजवळच्या कॉटवर आता परळीकडच्या एक आजी आहेत. पहिल्या दिवशी सिस्टरांनी बाजूला घेऊन विचारलं, दुसरीकडे देऊ का तुला? मी नको म्हटलं. त्या कॉटची चादर बदलताना हात नेहमीसारखे चालतात.

आरोही


अंबाजोगाई
२३ मार्च

ताई,

आज सांगण्यासारखं काही नाही. ससा खातो, पितो, वाढतोय.

अण्णांचा फोन दर रविवारी येतो. पूर्वी आई बोलायची आणि ते मागून "पैशे हायेत का इचार" एवढंच म्हणायचे. आता स्वतः लावतात. मी कशी आहे हे विचारत नाहीत. "ससा काय म्हनतोय" विचारतात. मग, घास ओला टाकतीस का? ओला टाकू नको, पोट फुगतंय. पाणी वाटीत देतीस का मडक्यात? दात वाढलेत का बघ, लाकडाचा तुकडा टाक कुरतडायला. मी हो हो म्हणते. यांना एवढं कुठून माहीत, कुणास ठाऊक. बोलायचं संपलं की दोघंही थोडा वेळ फोन कानाला धरून असतो. मग ते "बरं" म्हणतात.

आई गेल्याच्या तिसऱ्या दिवसाबद्दल मी तुला काही लिहिणार नव्हते. पण आज वॉर्डात कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन आलं आणि ते आठवलं. तू फाटकापाशी उभी होतीस. अंगणात भावकी बसलेली. सगळ्यांनी तुला ओळखलं आणि सगळे अण्णांकडे बघत राहिले. अण्णा खाली मान घालून म्हणाले, "पाव्हण्यांना च्या द्या." आणि पुन्हा कुणाशी तरी अस्थी न्यायच्या गाडीचं बोलायला लागले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा फाटक उघडंच होतं आणि तू रस्त्याच्या वळणावर होतीस.

तो चहा मी कुणालातरी दिला. कुणाला ते आठवत नाही.

त्या दिवसापासून तुझा फोन बंद आहे. मला त्यात विचारायचं काही नाही. फक्त एवढं की, मला ते पूर्ण दिसलं होतं.

आरोही


अंबाजोगाई
१३ एप्रिल

ताई,

शुक्रवारी ससा मेला असता.

ऊन कसं असतं इथलं तुला सांगायला नको. माझी खोली पत्र्याची, दुपारी आत पाय ठेववत नाही. मी सकाळी जाताना खिडकीला ओलं पोतं लावते, त्याच्याजवळ पाण्याचं मडकं ठेवते, पंखा चालू ठेवते. मला वाटायचं एवढं पुरे आहे. शुक्रवारी सकाळीच लाईट गेली आणि मला ते कळलं नाही. वॉर्डात एकामागून एक पेशंट आले, उन्हानं चक्कर आलेल्या बायका, दोन तर शेतातून उचलून आणलेल्या. मी त्यांना सलाईन लावत होते, कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते, नातेवाइकांना सांगत होते, दुपारचं बाहेर पाठवू नका हो यांना. दुपारची सुटी झाली तरी थांबले. चांगलं काम केलं म्हणून सिस्टरांनी नाव घेतलं माझं.

खोलीत आले तर तो आडवा पडलेला. तोंड उघडं, लाळ गळलेली, कान हाताला चटका बसेल असे. पोतं कडकडीत वाळून गेलं होतं.

मी त्याचे कान ओल्या फडक्यानं पुसले, ओल्या टॉवेलवर घेतला आणि जिना उतरले. वत्सलाबाईंनी मला पाहिलं, छत्री घेतली आणि रिक्षात शेजारी येऊन बसल्या. एरवी सशाच्या नावानं बोटं मोडणारी बाई सगळी वाट त्याच्या अंगावर पदरानं वारा घालत होती. "अरे माझ्या राजा, दम धर," म्हणत होती.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. बाहेर शेळ्या, एक बैल, आणि आम्ही. त्यांनी आम्हाला आधी घेतलं. कातडीखाली सलाईन दिलं, पाठ चोळली. मग म्हणाल्या, "ही मादी आहे."

इतके दिवस मी तिला तो म्हणत होते.

"दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग घेतली कशाला?"

"घेतली नाही. वडलांनी आणून दिली."

"तुम्ही काय करता?"

"नर्सिंगला आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण रागावल्या नाहीत. "हे बघा, कुत्रं असतं तर भुंकलं असतं, मांजर असती तर खिडकीतून निघून गेली असती. ससा तसा नाही. लोकांना वाटतं, गप्प बसलाय म्हणजे मजेत आहे, लाड करून घेतोय. भ्याला तरी तो गप्पच बसतो. दुखलं तरी गप्प. आतून संपत आला तरी बाहेरून तसाच दिसतो. म्हणून ज्याला दिवसातून चार वेळा जवळ जाऊन बघता येतं ना, त्यानंच पाळावा."

मी हो म्हटलं. आणि मग मी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागले, मोडायला, पुन्हा घालायला. हात थांबेनात. दुसऱ्या कुणाचे हात असावेत तशी मी त्यांच्याकडे बघत होते. वत्सलाबाईंनी ते आपल्या हातात धरले आणि डॉक्टर बाईंना म्हणाल्या, "तिची आई गेली हो हिवाळ्यात." मी कुणालाही हे कधी सांगायला सांगितलं नव्हतं.

दिवस कलला तेव्हा तिनं मान उचलली. गवताची एक काडी ओढली तोंडात आणि चावली. डॉक्टर बाई म्हणाल्या, जा घेऊन.

घरी येऊन मी अण्णांना फोन लावला. नमस्कार नाही, काही नाही.

"अण्णा, ही इथं मरेल. घेऊन जा."

"काय झालं?"

"ऊन लागलं. मरता मरता वाचली. तुम्ही विचारलं होतंत का मला, पाहिजे का म्हणून? विचारलं होतंत? कुणालाच कधी काही विचारत नाही तुम्ही. खोकं आणून ठेवता आणि निघून जाता."

मी एवढ्या मोठ्यानं अण्णांशी जन्मात बोलले नव्हते. तू बोलली होतीस एकदा, तुझ्या लग्नावरून, त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.  मला वाटलं ठेवला फोन.

"खाती का आता?" त्यांनी विचारलं.

"खाते थोडं."

"मग तू घेऊन ये तिला."

"मला सुट्टी नाही."

"ये," ते म्हणाले. हुकूम नव्हता तो. काय होतं ते मला ओळखता आलं नाही.

आरोही


अंबाजोगाई
१९ एप्रिल

ताई,

ठरलं. ठेवायची नाही.

मी पहिल्या पत्रात तुला विचारलं होतं, त्याचं उत्तर आता मीच देते. मला ती नको होती म्हणून नाही. आता तर सकाळी पाय आपटल्याचा आवाज आला नाही तर मी दचकून उठते. पण लाड करायला वेळ काढता येतो, राखायला वेळ असावा लागतो. माझ्याकडे तो नाही. दोन वर्षं तरी नसणार. हे कबूल करायला मला वाईट वाटत नाही, हेच मला जरा बरं वाटतं.

शाहीन म्हणाली मी नेते, पण तिच्याकडे भावाची तीन लेकरं आहेत, ती हिला खेळणं करतील. बाजारात परत देणार नाही. मधे एक दिवस असंही मनात आलं की तुलाच विचारावं, तू ने. मग माझं मलाच समजलं की ते सशासाठी नव्हतं.

या आठवड्यात वत्सलाबाईंनी तिला खाली त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवून घेतलं. पुढच्या रविवारी सिस्टरांकडून सुट्टी घेतली आहे. नांदूरघाटला जाते. दहावं झाल्यापासून मी घरी गेलेले नाही.

आरोही


अंबाजोगाई
४ मे

ताई,

हे पत्र मोठं होणार. तुला वेळ असेल तेव्हा वाच.

पहाटेच्या गाडीनं निघाले, ऊन व्हायच्या आत पोचायचं म्हणून. भाजीच्या टोपलीत ती, वर ओलं फडकं. केजला गाडी बदलली. शेजारच्या बाईनं विचारलं, कोंबडी हाय का? मी हो म्हटलं.

घर तसंच आहे. मला वाटलं होतं पाय टाकवणार नाही, पण पाय पडले आपोआप. अण्णा ओट्यावर नव्हते. समोरचं दार उघडं, बैठकीत कुणी नाही. पूर्वी या वेळेला तिथं दहा माणसं असायची. मागून आवाज आला त्यांचा, कुणाशी तरी बोलत होते.

"ऐकलं का, ऊन आलं. आत व्हा आता. किती येळ सांगायचं?"

ताई, मी तिथंच थांबले. ते आईला तसंच म्हणायचे. नाव कधी घेतलं नाही आयुष्यात, ऐकलं का एवढंच.

मागच्या पडवीत, आई जिथं सरपण ठेवायची, ती जागा सगळी साफ केलेली होती. वर उसाच्या पाचटाचा जाड थर, तिन्ही बाजूंनी ओली पोती, खाली माठाच्या खापऱ्या पाण्यानं भिजवून थंड केलेल्या. आणि तिथं पांढरा ससा होता. अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसले होते, बंडी घालून, हातात घासाची पेंढी.

मला पाहून उठले. ओशाळले. माझ्या बापाला ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हा कुठला?" मी विचारलं.

"जोडी व्हती ती. बाजारवाला म्हनला, एकटं ऱ्हात न्हाई हे जनावर, दोन न्या."

"मग मला एकच का दिलात?"

"तुला आभ्यास. दोन दोन कुठं सांभाळतीस? म्हनून एक ठेवून घेतलं."

"म्हणजे इतके दिवस दोन्ही एकटेच होते."

त्यांनी पेंढीतली एक काडी काढली आणि बोटांत मोडली. "व्हय," म्हणाले.

मी टोपली खाली ठेवली. मला रागवायचं होतं, गाडीत मी वाक्यं जुळवून आणली होती, पण एकही आठवेना. अण्णा ढोरांच्या डॉक्टरला विचारून आले होते, दोन्ही माद्याच आहेत, जोडी म्हणून बाजारवाल्यानं फसवलंय. एकदम सोडायच्या नाहीत म्हणे, भांडतात, मधे जाळी लावून ठेवायची, वास ओळखीचा होऊ द्यायचा. जाळी त्यांनी आधीच बांधून ठेवली होती. आम्ही माझीला एका बाजूला सोडलं. ती कोपऱ्यात जाऊन बसली. पांढरी जाळीशी आली, नाक हलवत राहिली. आम्ही दोघं तिथंच जमिनीवर बसलो. पुष्कळ वेळानं काळ्या कानाची पुढं सरकली आणि जाळीपासून वीतभर अंतरावर थांबली.

"हळूहळू," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी मला जेवायला वाढलं. अण्णांनी, ताई. खिचडी केली होती, जरा करपलेली, वर तेल आणि शेंगदाण्याची चटणी. तवा कुठं, तेल कुठं, सगळं त्यांना माहीत झालंय. आईच्या डब्यांना हात लावलेला होता, पण जागा बदलल्या नव्हत्या. मी दोनदा घेतली खिचडी. जेवताना ते समोर बसून राहिले आणि म्हणाले, "रोडावलीस."

मी म्हटलं, "तुम्हीपण."

एवढंच. आम्ही आईबद्दल बोललो नाही. माझ्या ड्युटीबद्दल त्यांनी विचारलं, कोणता वॉर्ड. मी सांगितलं. त्यांना कॉट माहीत आहे, रात्रंदिवस ते तिथं बसून होते. त्यांनी माझ्या ताटात आणखी चटणी वाढली, मला नको असताना.

परतीच्या गाडीसाठी ते स्टँडपर्यंत आले. लिंबाखाली उभे राहिलो. लोक राम राम करत होते, ते मान हलवत होते. मधेच म्हणाले, "अंजनाला पत्र लिहितीस म्हनं."

तुझं नाव ऐकून मी त्यांच्याकडे पाहिलं. तुझ्या लग्नानंतर त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"कुणी सांगितलं?"

"जलालुद्दीन भेटला व्हता, शाहीनचा बाप. इकडं बागा बघायला आलता."

"लिहिते."

"उत्तर येतंय का?"

"नाही."

ते रस्त्याकडे बघत राहिले. गाडी वळणावर दिसली, धूळ उठली. मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "तरी लिही."

"काय लिहू?"

गाडी येऊन थांबली. माणसं उतरली, चढली. कंडक्टर घाई करायला लागला.  मी वर चढले, खिडकीत बसले. तेव्हा ते खिडकीपाशी आले, गजाला हात धरला.

"ऊन लई हाय म्हनाव," म्हणाले. "पोरीला दुपारचं भाईर काढू नको म्हनाव."

कोणती पोरगी, मला क्षणभर समजलंच नाही. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलतात. गाडी हलली, त्यांचा हात सुटला, आणि लिंबाखालून ते मागं मागं जात असताना माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी फाटकापाशी तुझी लेक तुझ्या खांद्यावर झोपली होती, टोपडं घालून. घरात तिच्याबद्दल कुणी कधी शब्द काढला नाही, मीसुद्धा नाही. अण्णांनी मान वर केलीच नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

केजपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. कंडक्टर तिकीट द्यायला आला, माझ्याकडे पाहून पुढं गेला, आणि परत येताना त्यानं तिकीट फाडून हातात दिलं. तोवर माझा पदर ओला झाला होता.

तू उत्तर लिहावंस असं मी म्हणत नाही. यावंस असंही नाही. त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं पोचवते.

ऊन फार आहे, ताई. तुमच्या वर्ध्याला तर आणखीच असेल. पोरीला दुपारचं बाहेर काढू नकोस.

आरोही